चार ते सहा

"शरदराव, हा कॅमेरा आंधळा करता येतो का?"

साबळेकाका माझ्या दारात उभे होते. आमचे फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर, दोन दारांत सहा पावलांचं अंतर. तेवढ्यासाठीही त्यांनी काठी आणली होती आणि शर्टाची वरची गुंडी लावली होती.

"आंधळा म्हणजे? चित्र अंधूक येतंय का?"

"छे छे. चित्र उत्तम आहे. नूतन म्हणते, मिशीतले पांढरे केस मोजता येतात." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "रोज दोन तास तेवढं दिसायचं बंद झालं तर बघा. चार ते सहा. जमण्यासारखं असेल तर. नसेल तर राहू दे."

माझा चेहरा पडला असणार. त्यांच्या घरातले दोन कॅमेरे मीच बसवले होते आणि हॉलमधला एक इंचसुद्धा नजरेतून सुटणार नाही याची मला फार ऐट होती. आता ज्याच्यासाठी बसवले तोच माणूस त्यात भोक पाडून मागत होता.

मी तेव्हा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. ऑफिसात कालव्यांच्या रेघा ओढायच्या आणि घरी वायरी, असा माझा दिनक्रम. या विषयात माझी काही मतं होती, अजूनही आहेत, आणि कोणी विचारलं नाही तरी मी ती सांगतो. राउटर फ्रिजवर ठेवणारा माणूस मला मूर्ख वाटतो. टीव्हीच्या कपाटात कोंबून वर पडदा सोडणारा त्याहून. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्यावी, वायफाय पाहुण्यांसाठी ठेवावं. मुलाचं नाव आणि जन्मसाल हा ज्याचा पासवर्ड आहे त्याने दाराला कुलूप लावायचीही तसदी घेऊ नये. आणि जी फाइल एकाच ठिकाणी आहे ती नाहीच, असं धरून चालावं. या शेवटच्या मतावरून वृंदा, माझी बायको, मला फार छळायची. "आमच्या लग्नाचे फोटो चार ठिकाणी आहेत," ती आल्यागेल्याला सांगायची, "बघायला मात्र एकही सापडत नाही."

इमारतीतल्या अकरा घरांचं नेट माझ्या हाताखालून गेलेलं होतं. साबळेकाकांचं सर्वांत अलीकडे.

काका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून एकतीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. "सातारा-पुणे विनाथांबा, फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" हे त्यांच्या आवाजात ऐकलेली माणसं अजून भेटतात. पण माइक बंद झाला की तोच माणूस कोणालाही नाही म्हणू शकत नसे. सोसायटीचं सेक्रेटरीपद सात वर्षं त्यांच्या गळ्यात होतं, कारण दरवर्षी कोणीतरी "काका, तुम्हीच" म्हणायचं आणि ते "बरं" म्हणायचे. त्यांचा पेपर आधी दुसऱ्या मजल्यावरचे मोहिते वाचायचे, मग ते. कुसुमकाकू होत्या तोवर घरातलं सगळं त्या ठरवायच्या. त्या गेल्यावर नूतन ठरवू लागली, नेदरलँड्समधून.

नूतन त्यांची एकुलती मुलगी. तिकडच्या एका कारखान्यात दर्जा तपासायचं काम करायची. श्रावणात काका न्हाणीघरात पडले आणि दोन तास तिथंच पडून राहिले. पोळ्यांच्या बाई आल्या तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, गुडघा मात्र गेला. जिना उतरणं संपलं आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नूतन आठ दिवसांसाठी धावत आली. दोन्ही हातांनी डोकं धरून माझ्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. मला बाबा दिसले पाहिजेत. बाकी काही नको."

तिच्याबद्दल मला कधीच वाईट मत करून घेता आलं नाही. हे आधीच सांगून टाकतो.

मी एक कॅमेरा हॉलमध्ये शोकेसवर बसवला, एक स्वयंपाकघराच्या बोळात. दोन्हींना वायर, दोन्हींना बॅटरीचा आधार, आणि नेट गेलंच तरी काही निसटू नये म्हणून दोन्हींच्या पोटात एकेक मेमरी कार्ड. कार्डाचं नूतनला मीच कौतुकाने दाखवलं. कॅमेऱ्यातून तिला बोलताही यायचं. शोकेसवरून अचानक आवाज यायचा, "बाबा, गोळी?" आणि काका प्रत्येक वेळी आधी उभे राहायचे, मग उत्तर द्यायचे.

जाण्यापूर्वी तिने पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात खोलीसाठी नाव नोंदवलं. नर्स, बाग, चारी ठाव जेवण, सगळं होतं. "मार्चमध्ये बाबा तिकडे जातील," ती म्हणाली. "तोवर कॅमेरे आहेत म्हणून मी थांबतेय. कॅमेऱ्यांचं काही बिनसलं तर मी मार्चची वाट बघणार नाही."

"बरं," काका म्हणाले.

आणि आता, गौरी-गणपती जाऊन आठवडा झाला होता, तेच काका माझ्या दारात उभे राहून कॅमेऱ्याचं बिनसवायला सांगत होते.

"काका, तिला कळलं तर? ती काय म्हणाली होती, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग कशाला?"

त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "जरा अंग मोकळं टाकायचं असतं हो. त्या वेळी तिची जेवणाची सुट्टी असते, डबा खात ती बघत असते. खाणाऱ्या माणसासमोर किती वेळ नीट बसणार?"

मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर मी तयार झालो तो दयेने नव्हे. तांत्रिक गंमत म्हणून. कॅमेरे बंद न करता, वायर न उपटता, फक्त दोन तास बाहेर जाण्याची त्यांची वाट अडवायची, हे राउटरमध्ये बसवायला मला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी चारला काकांच्या हॉलमध्ये मी मुद्दाम हजर राहिलो. चारच्या ठोक्याला कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लाल झाला.

"लाल म्हणजे बंद?"

"बंद."

"अगदी?"

"काका, मी लावलंय."

त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि मला दारापर्यंत पोचवायला आले. घाईतच होते.

चौथ्या दिवशी ऑफिसात कालव्याचा छेद काढताना मला कार्ड आठवलं. दिवा लाल असतो म्हणजे नूतनला दिसत नसतं, एवढंच. कॅमेरा बघतच असतो आणि समोर काही हललं की कार्डावर उतरवत असतो. त्यासाठीच तर ते घातलं होतं. मी काकांना बंद म्हणालो होतो. माझ्या भाषेत ते चूक नव्हतं, नेटवरून बंद म्हणजे बंद. घरी गेल्यावर सांगू असं मी ठरवलं. घरी गेल्यावर वाटलं, म्हाताऱ्या माणसाला हा बारकावा कशाला? कोण बघणार आहे ते कार्ड? आणि काका इतके खुशीत होते. पेपर मोहित्यांकडे जाण्याआधी स्वतः वाचू लागले नव्हते एवढंच, पण चेहरा उजळला होता. वृंदाने शिरा नेऊन दिला तेव्हा तिला म्हणाले, "तुमच्या नवऱ्याने मला दोन तास दिलेत." तिला काही कळलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात नूतनचा फोन आला.

"दादा, मधेमधे नेट जातं का हो बाबांचं?"

"केबलवाल्याची लाइन आहे, नूतन. साताऱ्यात हे चालायचंच." माझ्या तोंडून हे इतकं सहज आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"जरा बघाल?"

"बघतो."

पुढचा फोन आला तो दिवाळीच्या अठरा दिवस आधी, सकाळी. या वेळी ती जरा हळू बोलत होती.

"दादा, मी महिन्याभराचा तक्ता काढला. कॅमेरा चारला जातो आणि सहाला येतो. चार वाजून एक मिनिट नाही, सहाला दोन मिनिटं कमी नाही. सलग पंचवीस दिवस. तुमच्या केबलवाल्याचा बिघाड रविवारची सुट्टीसुद्धा घेत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मी असा पकडला जाईन हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. खरा बिघाड गबाळा असतो. तो चार वाजून सात मिनिटांनी येतो, कधी येतच नाही, कधी सामना चालू असताना येतो. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मनाला येईल तेव्हा वायर काढली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता. मी बिघाडसुद्धा पट्टी लावून आखला होता. आणि तो वाचणार कोण, तर आयुष्यभर तक्ते तपासणारी बाई.

"बाबांनी सांगितलं?" तिने विचारलं.

"हो."

"का?"

"मला माहीत नाही. खरंच नाही."

"दादा, कोणीतरी येतंय का घरी? का बाबा पुन्हा पडतायत आणि लपवतायत?" तिचा आवाज चिरकला. "आत कार्ड आहे ना? तुम्हीच दाखवलं होतंत. ते काढून ठेवा. मी दिवाळीला येते. कार्ड बघते आणि मग ठरवते."

त्या दिवशी दुसरा शनिवार होता, मला सुट्टी. धूळ पुसायच्या निमित्ताने मी काकांकडून हॉलमधलं कार्ड काढून आणलं आणि घरच्या कॉम्प्युटरला लावलं. बघायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. फक्त कोणी येतं का तेवढं बघू, असं म्हणून बसलो आणि दुपारी वृंदाने जेवायला हाक मारली तेव्हा उठलो.

कोणी येत नव्हतं.

दिवा लाल झाला की काका स्वयंपाकघरातून एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणायचे. एका हातात काठी असल्यामुळे खुर्ची पायाने ढकलत ढकलत आणायचे. ती हॉलच्या मधोमध ठेवायचे, स्वतः तिच्यासमोर उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "नूतन, ऐक. मी जाणार नाही."

मग थांबून पुन्हा. "नूतन, मला इथंच राहायचंय." पुन्हा, जरा हसून, "अगं, मी काय म्हणतो, मार्चचं राहू दे ना." एके दिवशी चक्क एस.टी.च्या आवाजात, छाती काढून: "नूतन साबळे यांनी लक्ष द्यावे." त्यावर स्वतःच खुदकन हसले आणि बसून गुडघा चोळत राहिले.

एवढंच असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण काही दिवस ते खुर्चीत बसून नूतनच्या बाजूनेही बोलायचे. "बाबा, हट्ट करू नका. ते दोन तास मी विसरू शकत नाही." मग उठून, खुर्चीकडे तोंड करून स्वतःचं. "अगं पण माझं घर आहे." पुन्हा खुर्चीत. "मी तिकडे एकटी किती काळजी करायची?" पुन्हा उभे. आणि तिथे त्यांना पुढचं सुचायचं नाही. खाली बघत राहायचे. मग म्हणायचे, "बरं."

रिकाम्या खुर्चीसमोरही हा माणूस हरत होता. जुनं आपोआप पुसलं जात असल्यामुळे कार्डावर शेवटचे अठरा दिवस उरले होते. त्यांतले चौदा दिवस ते "बरं" वर संपले. शेवटच्या चारांत मात्र ते टिकले. आवाज कापायचा, पण वाक्य शेवटपर्यंत जायचं. त्यानंतर ते खुर्ची ढकलत परत न्यायचे आणि सहाच्या आत पेपर घेऊन जागेवर बसायचे.

मला लाज वाटली. इतकी की जेवताना वृंदाने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

संध्याकाळी लॅपटॉप आणि कार्ड घेऊन मी समोर गेलो आणि सगळं सांगितलं. नूतनने पकडलं ते, कार्डाचं, आणि मी पाहिलं तेही. काका ऐकत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुम्ही बंद म्हणाला होतात."

"हो. चुकलं माझं."

"सगळं दिसतं त्यात? आवाजही?"

"आवाजही."

त्यांनी मान वळवून शोकेसकडे पाहिलं. मी म्हणालो, "काका, हे तिला बघू द्या. तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. तिला कळेल."

"नको नको." ते घाबरल्यासारखे पुढे सरकले. "ते नाटक झालं हो. मुलीने बापाचं असलं काही बघायचं असतं का? मीच सांगणार आहे. समोर बसवून. आता जमायला लागलंय, तुम्ही पाहिलंतच." मग आवाज खाली आला. "पुसून टाकता आलं तर फार बरं होईल. त्रास नसेल तर."

मी त्यांच्यासमोर कार्ड लॅपटॉपला लावलं, पुसलं आणि रिकामी जागा त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून खात्री केली.

"गेलं?"

"गेलं."

घरच्या कॉम्प्युटरला कुठलंही कार्ड लावलं की त्याची नक्कल आपोआप डिस्कवर पडते, ही सोय मी कित्येक वर्षांपूर्वी केलेली होती. सकाळी ती पडली होती. हे मला त्या क्षणी आठवत होतं. मी फक्त बोललो नाही. ती नक्कल घरी जाऊन पुसायची असंही मी ठरवलं होतं बहुतेक. पुसली नाही. आयुष्यात एकमेव प्रत मी कधी पुसली नव्हती.

नूतनला मी सांगितलं की दोन्ही कार्डं खराब निघाली. ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे दादा. मग मार्चपर्यंत थांबण्यात अर्थ नाही." भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची गाडी तिने तिकडून ठरवली. म्हणजे माझ्या त्या आखीव चार ते सहामुळे काकांचे साडेचार महिने गेले.

ती वसुबारसेला आली. कॅमेऱ्यांचा विषय माझ्याकडे काढलासुद्धा नाही. आल्या दिवसापासून खोकी भरायला लागली. काकूंच्या साड्या, काकांचे स्वेटर, पितळी डबे. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. बापाचा रक्तदाब दिवसातून दोनदा बघायची, त्याला गरम पाण्यात पाय सोडून बसवायची, स्वतः त्याच्या पायांना तेल लावायची. तिचा जीव होता त्याच्यावर. म्हणूनच ते अवघड होतं.

मी रोज काही ना काही कारण काढून जाऊन बघायचो. पाडव्याला मी आणि वृंदा फराळाचं ताट घेऊन गेलो. हॉलमध्ये खोक्यांची भिंत झाली होती. नूतन जमिनीवर बसून दोरी बांधत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि घसा साफ केला.

"नूतन, ऐक."

"काय बाबा?" तिने वर पाहिलं. डोळे सुजलेले होते, दोन दिवस झोपली नसावी. तिच्या हातातली दोरी तशीच ताणलेली होती.

काका तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलले.

"काय झालं? गुडघा दुखतोय?"

"नाही," ते म्हणाले. "चकली छान झालीय. वृंदावहिनींची. खाऊन बघ."

वृंदा म्हणाली, "अय्या, अजून कोणी तोंडात घातलीही नाही." आणि सगळे हसलो. काकाही हसले.

भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. माझी बहीण येऊन ओवाळून गेली. सहाच्या सुमाराला नूतन किल्ल्या द्यायला आमच्याकडे आली. गाडी सकाळी आठला येणार होती. घर बंद राहील, अधूनमधून पाणी सोडून बघा, म्हणाली.

"बाबा काही बोलले?" मी विचारलं.

"कशाबद्दल?"

"जाण्याबद्दल."

"त्यांचं काय, बरं म्हणालेत." ती उंबऱ्यात थांबली. "दादा, ते मनापासून बरं म्हणतात की नुसतंच, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. आईला कळायचं."

मी आत गेलो आणि पेन ड्राइव्ह घेऊन आलो. भरून तयारच ठेवला होता. कधी भरला ते सांगणार नाही, पण त्याच दिवशी नव्हे.

"कार्ड खराब नव्हतं," मी म्हणालो. "शेवटचे चार दिवस आधी बघ. मग उरलेले."

तिने काही न विचारता तो मुठीत धरला आणि गेली.

सकाळी आठला गाडी आली. पावणेनऊला रिकामी परत गेली. मी गॅलरीतून पाहिलं. समोर त्यांच्या घरातून खोक्यांच्या पट्ट्या फाडल्याचा आवाज येत होता.

नूतन आणखी बारा दिवस राहिली. न्हाणीघरात धरायला कांब्या बसवून घेतल्या, सकाळ-संध्याकाळ येणारी एक बाई ठरवली, गळ्यात अडकवायचं एक बटण काकांना आणून दिलं. दाबलं की तिला आणि आम्हाला फोन यायचा. दोन्ही कॅमेरे काढून मला परत दिले. जाताना माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला अडवलं. ज्येष्ठ निवासाचं नाव तिने पुन्हा कधी घेतलं नाही. काका त्याच घरात सहा वर्षं राहिले आणि एका दुपारी आपल्या खाटेवर झोपेत गेले. अखेरपर्यंत डोकं लख्ख होतं.

त्या सहा वर्षांत मी एकदाही त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

नूतन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने त्यांची बेल वाजवली होती. राउटरमधला तो चार ते सहाचा नियम काढायचा राहिला होता. आता त्याची गरज नव्हती. खरं म्हणजे ते निमित्त होतं. मला त्यांचा आनंद बघायचा होता. आणि कदाचित आभारही ऐकायचे होते, ते का लपवू?

काकांनी दार उघडलं. शर्टाची वरची गुंडी लावलेली होती.

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

ते दारातून बाजूला झाले नाहीत.

"तुम्ही पुसलं म्हणाला होतात," ते म्हणाले.

"कार्डावरचं पुसलंच होतं. माझ्याकडे प्रत राहिली होती." मी ओशाळून हसलो. "सवय आहे. पण काका, गाडी ठरली होती. तुम्ही बोलला नसतात."

"बोललो असतो."

"कधी? खोकी भरली होती."

"गाडीत बसल्यावर बोललो असतो. तिकडे पोचल्यावर बोललो असतो. नसतो बोललो तर नसतो बोललो." त्यांचा श्वास जरा चढला होता. "ती आता माझ्याशी कशी बोलते माहितीये? प्रत्येक गोष्ट विचारून. बाबा, चालेल ना? बाबा, नक्की ना? लहान मुलाशी बोलावं तसं. तिने मला त्या खुर्चीत बसून तिचा आवाज काढताना पाहिलंय, शरदराव."

"मी माझ्याकडची प्रत आजच पुसतो," मी म्हणालो.

"पुसता?" ते माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"काका, आत येऊन बसू का जरा? बोलू आपण."

"नाही," साबळेकाका म्हणाले. "आत येऊ नका. आज नको आणि यापुढेही नको."

आवाज कापला नाही. खाली पाहिलं नाही. "जमलं तर", "त्रास नसेल तर" यातलं काही मागे जोडलं नाही. मी त्यांचे अठरा दिवस पाहिले होते. त्यातल्या एकाही दिवशी त्यांना हे इतकं नीट जमलं नव्हतं.

मी सहा पावलं चालून घरी आलो.